पुरुष, वय एकेचाळीस, उजवी बाजू

बरणीवरच्या चिठ्ठीवर नेहमीसारखं एवढंच होतं: पुरुष, वय एकेचाळीस, उजवी बाजू. खाली तारीख आणि नंबर. नाव कधीच येत नाही, तसा नियमच आहे. रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलातून निघालेली बरणी प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी येईपर्यंत तिच्यातला तुकडा कुणाचाच उरलेला नसतो. तेवीस वर्षं ती अशा बरण्या उतरवून घेत आली होती. नंबर वहीत चढवायचा, सही करायची, बरणी थंड कपाटात ठेवायची. त्या सोमवारी सकाळीही तिने सही केली, आणि मग तिचं लक्ष तारखेकडे गेलं. बुधवार. गेल्या बुधवारी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ती त्याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती, आणि आत तिच्या भावाच्या डोक्याची उजवी बाजू उघडलेली होती. भाऊ एकेचाळीस वर्षांचा. तिने बरणी उजेडाकडे धरली. आत सुपारीपेक्षा थोडा मोठा, फिकट, घड्या पडलेला तुकडा औषधाच्या पाण्यात हळूच एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला.

"काय गं, कागदात काही चुकलंय का?" मॅडमनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

ओळखीच्या माणसाचा नमुना आला तर त्याला हात लावायचा नाही, लगेच सांगायचं, हे भिंतीवर लिहिलेलं होतं. तो कागद तिनेच टाइप करून तिनेच चिकटवला होता. वर चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला होता. तिने जाता जाता तो अंगठ्याने दाबून बसवला आणि बरणी घेऊन आतल्या खोलीत गेली.

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. साठीला आलेल्या, बारीक आवाजाच्या, चहात साखर घातली की नाही हे हमखास विसरणाऱ्या, पण काचपट्टीवर पाहिलेली एखादी पेशी दहा वर्षांनी ओळखणाऱ्या. त्यांचं सगळं आयुष्य एकाच जातीच्या पेशींमागे गेलं होतं. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला त्या नेहमी तेच सांगायच्या. डोक्यातल्या बहुतेक पेशी पुढच्या पेशीला म्हणतात, चल, पेट, बोल. काही थोड्या पेशी म्हणतात, थांब. थांब म्हणणाऱ्या नसत्या तर माणूस क्षणभरही टिकला नसता, सगळं डोकं एकाच वेळी ओरडत सुटलं असतं. झटका म्हणजे दुसरं काय असतं? आणि या थांब म्हणणाऱ्यांतही बहुतेकींचे हात आखूड, त्या फक्त शेजारणीला गप्प करतात. पण शेकड्यांत एखादी अशी असते की तिचा हात लांबच लांब जातो, एका भागातून पार दुसऱ्या भागात. जिथलं तिला काही दिसत नाही, तिथल्या कुणाला तरी ती शांत करते. या लांब हाताच्या पेशी कुठे असतात, किती असतात, झटके येणाऱ्यांच्या डोक्यात त्यांचं काय होतं, विसरत चाललेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात काय होतं, हे मॅडम मोजत होत्या. म्हणजे प्रत्यक्षात ती मोजत होती. डावा डोळा मिटून, उजव्या हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबत, टक, टक. तेवीस वर्षांत तिने किती पेशी मोजल्या याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

या नोकरीला लागताना मुलाखतीत तिला विचारलं होतं, हेच काम का? ती म्हणाली होती, जाहिरात बघितली म्हणून. ते खोटं नव्हतं.

दुपारी तिने तुकडा कापायला घेतला. बर्फाच्या चकतीवर तो बसवला, भोवती कोरड्या बर्फाचा चुरा पेरला, आणि तुकडा पांढरा पडून दगडासारखा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. कापण्याच्या यंत्राचं पातं पुढे-मागे होऊ लागलं. पात्यावर एक-एक पापुद्रा गुंडाळून यायचा, केसाहून पातळ, आणि ती तो ओल्या ब्रशने उचलून डबीतल्या खणात सोडायची. पाण्यात गेला की पापुद्रा उलगडायचा, पसरायचा. इतकी वर्षं तिला या उलगडण्याचं काही वाटलं नव्हतं. आज तिला वाटलं, यातल्या एखाद्या पापुद्र्यात आपला आवाज असेल. यातल्या एखाद्यात तो जिना असेल. हे खुळचट आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आठवण अशी खणाखणात ठेवलेली नसते हे तिनेच किती जणांना समजावलं होतं. तरी विसाव्या का एकविसाव्या पापुद्र्याशी तिचा ब्रश हवेत थांबला, आणि तिला जाणवलं की आपण श्वास रोखून धरलाय, त्याला लागू नये म्हणून.

जिना घराबाहेरचा होता, उघडा, अकरा पायऱ्यांचा. त्या वेळी ती नऊ वर्षांची आणि तो चार वर्षांचा. त्याला सगळे बारक्या म्हणत. पुढे तो सगळ्या घरात उंच झाला तरी बारक्याच राहिला. बारक्याला तिच्याशिवाय करमत नसे. ती शाळेतून आली की तो तिच्या फ्रॉकचा मागचा बंद मुठीत धरून घरभर हिंडायचा, बंद सुटला तरी तो सोडायचा नाही. त्या दुपारी खाली मैत्रीण हाका मारत होती. ती वरच्या पायरीवर उभी होती, बारक्या मागे बंद धरून. मी पण, मी पण, मी पण. ती म्हणाली, सोड. त्याने सोडलं नाही. मग त्याने सोडलं, पुढे झाला, आणि तिच्या आधी उतरू लागला. त्याला वाटलं असावं, पुढे गेलं की न्यावंच लागेल. आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवून ढकललं. जोरात नाही. पण ठेवून. तिच्या उजव्या तळव्याला ते अजून आठवत होतं: सुती शर्टाखालची छोटीशी, गरम पाठ, आणि मग तिथे काहीच नाही.

तो खाली गेला तेव्हा त्याने काही आवाज केला नाही. रडला तो नंतर, बऱ्याच वेळाने, आणि रडला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. डॉक्टर घरी आले. त्यांनी बारक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कानामागचा फुगवटा चाचपला. "कसा पडला?" त्यांनी विचारलं. ती आतल्या दाराआड उभी होती. तिला वाटत होतं की आता बोलायला हवं. तेवढ्यात आई म्हणाली, "माझा डोळा लागला होता, डॉक्टर. तेवढ्यात कधी बाहेर गेला, कळलंच नाही." आणि दाराआड तिने एकदम मोकळा श्वास घेतला. गार, गोड काहीतरी सगळ्या अंगभर पसरलं. पुढे सदतीस वर्षं ढकलण्यापेक्षा तिला हेच जास्त छळत आलं. ढकलणं एका क्षणाचं होतं. पण दाराआडचा तो सुटकेचा श्वास तिने अगदी नीट, शेवटपर्यंत घेतला होता.

पहिला झटका आठ महिन्यांनी आला. बारक्या जेवत होता, चमचा तोंडापाशी थांबला, आणि तो चमच्याकडे असा बघत राहिला की जणू त्याला कुणी काहीतरी अवघड विचारलंय. ओठ मिटक्या मारल्यासारखे हलत होते. बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. मग मान वळली, आणि मग सगळंच. त्यानंतर महिन्यातून दोनदा, आठवड्यातून दोनदा, एखाद्या वाईट काळात रोज. मोठे झटके कमी. जास्त करून तो नुसता थांबायचा. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच जायचा आणि मिनिटभराने परत येऊन विचारायचा, "मी कुठपर्यंत आलो होतो?" घरातल्या सगळ्यांना सवय लागली होती, तो बोलत असताना प्रत्येक शब्द धरून ठेवायची, कारण कुठला शब्द शेवटचा ठरेल ते सांगता येत नसे. "तू 'आणि मग पोस्टमन' इथपर्यंत आला होतास," आई सांगायची. "हां," तो म्हणायचा, "आणि मग पोस्टमन," आणि पुढे चालू.

बाबांनी मात्र आईला सोडलं नाही. ते मारझोड करणारे नव्हते, मोठ्याने बोलणारेही नव्हते. फिरतीच्या नोकरीवरून महिन्यातून चार दिवस घरी यायचे आणि एकदा तरी, भलत्याच वेळी, दूध उतू गेलं म्हणून, बिल भरायचं राहिलं म्हणून, शांतपणे म्हणायचे, "तेवढी एक दुपार जागी राहिली असतीस तर." आई पुसायचं फडकं पिळत असे, पाणी निघायचं थांबलं तरी पिळत असे. आणि ती, आधी नऊ वर्षांची, मग बारा, मग सतरा, ताटातल्या घासाकडे बघत राहायची. आता बोलते. आता. हा घास झाला की. बाबा गेले तेव्हा तिला वाटलं, आता बोलायची गरज राहिली नाही. मग सहा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कळलं की बोलायची खरी गरज आईपाशी होती. शेवटच्या आठवड्यात आई फार बोलत नसे. "जेवलीस का?" एवढंच विचारी आणि मग तिच्याकडे बघत राही, डोळे न हलवता, खूप वेळ. त्या बघण्यात काहीतरी मागणं आहे असं तिला वाटायचं. ती उशी नीट करी, पाण्याचा पेला पुढे करी. आईला पाणी नको असे. एकदा ती म्हणाली होती, "आई, तुला सांगायचं होतं," आणि आईने लगेच डोळे मिटून घेतले होते, झोप आल्यासारखे. तिने ते निमित्त धरलं आणि खोलीबाहेर आली.

गुरुवारी रंग चढवला. पापुद्रे रंगाच्या पाण्यात टाकून डबी उबदार पेटीत, अंगाच्या उष्णतेइतक्या उष्णतेत, अंधारात ठेवायची असते. तासाभराने काढली की बाकी सगळं फिकट राहतं आणि फक्त लांब हाताच्या पेशी निळ्या होतात, शाईने काढल्यासारख्या, एक-एक फांदी दिसावी अशा. शुक्रवारी मॅडम बैठकीला गेल्या होत्या. तिने दार लोटून घेतलं, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला.

निरोगी तुकड्यात पेशींचे थर असतात. इमारतीच्या मजल्यांसारखे सहा. निळ्या पेशी बहुतेक तळमजल्यावर आणि त्याखालच्या जमिनीत, एकमेकींपासून लांब लांब. इथे मजलेच नव्हते. मोठ्या पेशी आडव्या, उलट्या, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, आणि निळ्या पेशी जिथे असू नयेत तिथे घोळक्याने दाटलेल्या. लांब जायचे ते धागे थोडंसं जाऊन मागे वळत होते, स्वतःभोवतीच गुरफटत होते. असं पडून होत नाही. मार लागून होत नाही. असं आईच्या पोटात असतानाच होतं, चौथ्या-पाचव्या महिन्यात, पेशी आपापल्या जागी चालत निघालेल्या असतात तेव्हा. ती हे बघताक्षणी समजली. तरी ती बघतच राहिली. पट्टी सरकवत, दुसरी लावत, तिसरी लावत. बाराव्या पट्टीला तिच्या लक्षात आलं की आपण जुन्या माराची खूण शोधतोय. एखादा व्रण, लोखंडाच्या गंजासारखा रक्ताचा जुना डाग. तो नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि ती तर हरवलेली वस्तू शोधावी तशी शोधत होती. सदतीस वर्षं जे तिचं होतं ते तिथे नव्हतं. कधी नव्हतंच.

मॅडम परत आल्या तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"मॅडम, हा नमुना माझ्या भावाचा आहे."

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "कधीपासून माहीत आहे?"

"बरणी आली तेव्हापासून."

"आणि कापलास तू."

"हो."

"रंगही चढवलास."

"हो."

मॅडमनी तिला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि डोळा लावला. बारीक चक्र फिरवताना त्यांची करंगळी नेहमीसारखी वर उचललेली होती. "जन्माच्या आधीचं आहे हे," त्या म्हणाल्या. "स्पष्ट आहे. उरलेल्या डोक्यात काय असेल ते हा एवढासा तुकडा सांगत नाही. पण झटक्यांना एवढं पुरेसं आहे." मग मान वर करून, "लहानपणी कधी पडला होता का तो?"

"हो. जिन्यावरून."

"सगळे तेच सांगतात. आईबाप तर हमखास. पडला आणि मग झटके सुरू झाले. मी त्यांना म्हणते, पडला म्हणून झटके आले, की बारीकसा झटका आला म्हणून पडला, कुणी बघितलंय?" त्या उठल्या. "तुझी मोजणी मला फेकून द्यावी लागेल. वहीत लिहावंही लागेल, का ते. पुढचे दोन महिने तू या कामावर नाहीस." दारापाशी थांबून त्या म्हणाल्या, "तो बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग रडतेस कशाला?"

आपण रडतोय हे तिला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती मॅडमच्या त्या एका वाक्याच्या आधाराने जगली. बारीकसा झटका आला म्हणून पडला. कुणी बघितलंय? ती रस्त्याने चालताना, दात घासताना, बसच्या खिडकीला डोकं टेकून, तीच दुपार पुन्हा पुन्हा उलगडून बघायची. तो पायरीवर क्षणभर थांबला होता का? त्याची मान वळली होती का? तिचा हात पोचण्याआधीच तो खाली जाऊ लागला होता का? आणि हळूहळू तिला ते दिसायलाही लागलं. त्याचा पाय अधांतरी राहिला होता. त्याची बोटं शर्टाच्या बटणाशी होती. तिने हात पुढे केला होता तो कदाचित धरायला. रोज थोडं थोडं करून ती त्या नऊ वर्षांच्या मुलीला जिन्यावरून मागे ओढत होती. फक्त तळवा ऐकत नव्हता. झोपेतून जाग आली की आधी तळव्याला आठवायचं, मग तिला.

भाऊ आईच्याच दोन खोल्यांत राहायचा, आणि ऑपरेशननंतर तीही तिथेच येऊन राहिली होती. तो औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या चिठ्ठ्यांची मुद्रितं तपासायचं काम करी. घरी बसून करता येण्यासारखं एवढंच त्याला मिळालं होतं, आणि वीस वर्षांत जगातले सगळे दुष्परिणाम त्याला तोंडपाठ झाले होते. "मळमळ, तोंडाला कोरड, अकारण उदास वाटणे," तो गोळी गिळताना म्हणे, "आज उदासवाली घेतली, जरा सांभाळून." टाके निघाले होते. कानामागून कपाळापर्यंत केसांच्या खुंटांतून प्रश्नचिन्हासारखी लाल रेघ गेलेली होती. पंचवीस दिवसांत एकही झटका आला नव्हता. एवढे दिवस सलग तो कधी गेलाच नव्हता. तो बोलत असताना तिची अजून प्रत्येक शब्द धरून ठेवायची सवय सुटली नव्हती, आणि वाक्यं पुरी होत होती, एकामागून एक, आणि तिच्याकडे धरलेले शब्द नुसते साचत होते.

रविवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "ताई, तू गेले दोन-तीन आठवडे माझ्याकडे अशी बघतेस, जसं मी काचपट्टीवर आहे. काय असेल ते बोलून टाक."

"तुझा तुकडा आमच्याकडे आला होता."

"येणारच. फॉर्मवर मीच सही केली. नको म्हणायची सोय होती, मी हो म्हटलं. या शहरात तो दुसरीकडे कुठे जाणार?" त्याने कपातली साय बोटाने बाजूला केली. "मग? मिळालं का?"

"काय?"

"तू शोधत होतीस ते."

ती कामावरच्या आवाजात म्हणाली, "ते पडल्यामुळे झालेलं नाही. जन्माआधीपासूनचं आहे. तू कधीच पडला नसतास तरी झटके आलेच असते."

"बरं," तो म्हणाला. त्याने चहा संपवला, कप बशीत ठेवला, बशी थोडी फिरवली. "मग आता तरी सांगशील?"

"काय सांगू?"

"जिन्याचं."

पंधरा दिवस रचलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. त्याचा अधांतरी पाय, बटणावरची बोटं. ती म्हणाली, "मला वाटतं, तुला तेव्हाच बारीकसा झटका," आणि थांबली. तो बघत होता. रागाने नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"मी ढकललं तुला," ती म्हणाली. "तू पडला नाहीस. मी ढकललं."

"हो," तो म्हणाला.

"तुला आठवतंय?"

"मला काय आठवणार, चार वर्षांचा होतो मी. आईने सांगितलं."

"आईला कुठे माहीत होतं? आईचा तर डोळा लागला होता."

"ताई," तो म्हणाला, "आई दुपारी कधी झोपायची? आठवून बघ."

आठवावं लागलं नाही. खिडकीपाशी शिवणयंत्र होतं. आई शर्टांच्या कारखान्यासाठी कॉलर शिवायची, शंभराचे गठ्ठे, रोज दुपारी, दोन ते पाच. आजारी असली तरी. खिडकी जिन्याच्या बाजूला होती. तिच्या लहानपणीची प्रत्येक दुपार त्या यंत्राच्या घरघरीने भरलेली होती, इतकी की ती घरघर तिला ऐकूच येत नसे. आणि आता, सदतीस वर्षांनी, चहाच्या टेबलावर बसल्या बसल्या तिला ऐकू आलं की त्या दुपारीही यंत्र चालू होतं. आणि ते थांबलं होतं. बारक्या खाली पोचल्यावर नाही. त्याआधी. तिचा हात अजून त्याच्या पाठीवर होता तेव्हाच. हे खरंच आठवलं, की त्याचा अधांतरी पाय दिसला होता तसंच हेही तिने आता रचलं, हे तिला सांगता येईना.

"मी एकोणीस वर्षांचा होतो," तो सांगत होता. "कॉलेजात सगळ्यांसमोर मोठा झटका आला त्या दिवशी. घरी आलो आणि आईवर ओरडलो. बाबांचंच वाक्य. एक दुपार जागी राहिली असतीस तर. बाबांचं ऐकून घ्यायची ती, पण माझं तिला सहन झालं नाही. म्हणाली, मी जागी होते. मग सगळं सांगितलं. आणि मग हातापाया पडायला लागली माझ्या, तिला कळू देऊ नकोस म्हणून. शपथ घातली मला."

"का पण?"

"म्हणाली, डॉक्टर आले तेव्हा ताई दाराआड उभी होती. तिचे पाय दिसत होते दाराखालून, थरथरत होते. म्हणून मी मोठ्याने बोलले, तिला ऐकू जावं म्हणून." तो थोडा थांबला, आणि ती भीतीने त्याचा शेवटचा शब्द धरून बसली, पण तो नुसता थांबला होता. "म्हणाली, एकदा म्हटलं ते म्हटलं, मग परत कसं घेणार? आणि आता सांगितलं तर ताई म्हणेल, इतकी वर्षं तुला माहीत होतं आणि तू माझ्याकडे बघत होतीस."

"आणि तू?"

"मी वर्षभर तुझ्याशी धड बोललो नाही. आठवतं? तू म्हणायचीस, गोळ्यांमुळे होतंय. चिडचिडेपणा." तो किंचित हसला. "मग कंटाळा आला रागावून. तू एवढी वाईट दिसायचीस त्या वर्षी. मला वाटायचं, ही आज सांगेल, उद्या सांगेल. आई गेली तेव्हा वाटलं, आता नक्की. मग मी सोडून दिलं. फॉर्म आला तेव्हा म्हटलं, निदान तिला बघू तरी दे."

तिला राग आला. पहिल्यांदा आला तो रागच, आणि कुणावर ते कळेना. आईने बाबांचं तेवढं बोलणं ऐकून घेतलं आणि तिला ते ताटावर बसून ऐकू दिलं, वर्षानुवर्षं, मुलीला वाचवायचं म्हणून. की आईलाही काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं बोलून टाकल्यावर? शेवटच्या आठवड्यातलं ते बघणं. ते मागणं नव्हतं मग. की होतंच? तिने सांगायला तोंड उघडलं आणि आईने डोळे मिटून घेतले, ते ऐकायचं नव्हतं म्हणून, की ऐकून घेतलं तर आपल्यालाही सांगावं लागेल म्हणून? आईची एक-एक नजर आता नव्याने बघायला हवी होती, हजारो नजरा, स्वयंपाकघरातल्या, दारातल्या, शिवणयंत्रावरून मान वर करून टाकलेल्या, आणि त्या बघायला आता आईखेरीज कुणी मदत करू शकलं नसतं. ती टेबलाची कडा धरून बसून राहिली. भावाने तिच्या पाठीवर थापटलं नाही, काही नाही. त्याने कप उचलले, मोरीत नेऊन धुतले, पालथे घातले.

"डॉक्टरांनी आजपासून डोक्यावरून पाणी घ्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "मी अंघोळ करून घेतो."

टॉवेल घेऊन तो न्हाणीघरात गेला. तिथल्या दाराला कडी नव्हती. तो पाच वर्षांचा असताना बाबांनी काढून टाकली होती, आणि तेव्हापासून या घरात कुणीच दार लावून अंघोळ केली नव्हती. तो आत असला की दार बोटभर उघडं, आणि बाहेर कुणीतरी बसलेलं. आई असायची, नंतर ती. आता दार पूर्ण मिटलं. मग लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज आला, अडखळत, नव्या वस्तूचा असतो तसा. ती उठून बघायला गेली. दाराच्या चौकटीपाशी खाली लाकडाचा थोडा भुसा पडलेला होता. काल ती बाजारात गेली होती तेव्हा बसवली असणार.

पाणी सुरू झालं. ती दाराशेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसली, गुडघे जवळ घेऊन. पाणी बादलीत पडत होतं, मग अंगावर, मग पुन्हा बादलीत. तिने एकदा उठायचं ठरवलं आणि उठली नाही. मग पाण्याचा आवाज थांबला. साबण लावत असेल. रेघेवरून हात जपून फिरवत असेल. आतून काही हलल्याचं ऐकू येईना. समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि आत काहीच नव्हतं, बराच वेळ, सवयीपेक्षा फारच जास्त वेळ. बारक्या, ही हाक तिच्या गळ्यापर्यंत आली. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि ओठ दातांखाली धरून ठेवले.

"ताई," आतून आवाज आला. "बाहेर बसली आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली.